आठवडे मोजून दुखापत बरी होत नाही

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

नामांकित खेळाडूच्या दुखापतीची बातमी क्रीडापानावर येते तेव्हा तिच्यात हमखास एक आकडा असतो: सहा आठवडे विश्रांती, तीन महिने मैदानाबाहेर. हौशी खेळाडू आणि त्यांचे पालकही मग आपल्या दुखापतीचा हिशेब त्याच मापाने मांडतात. हे माप फसवे आहे, हे मी एकच घोटा तीनदा मुरगळून घेतल्यावर शिकलो.

व्हॉलीबॉल खेळताना पहिल्यांदा घोटा मुरगळला, तेव्हा मी पंधरा दिवस पाय जमिनीला टेकवला नाही. सूज उतरली, दुखायचे थांबले आणि मी खेळायला लागलो. मात्र घोट्याचा अस्थिबंध (हाडे एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, म्हणजे लिगामेंट) ताणला किंवा फाटला की सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी जाणीवही मंदावते आणि वेदना थांबली म्हणून ती आपोआप पूर्ववत होतेच असे नाही. त्यामुळे उडीनंतर पाऊल तिरके पडत असल्याचे शरीराला उशिरा कळते आणि तोच घोटा पुन्हा दगा देतो. तिसऱ्या खेपेला मी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. यंत्राचा शेक मिळेल अशी माझी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांनी मला एका पायावर उभे केले, पुढे डोळे मिटून, नंतर मऊ उशीवर, आणि टाचा उचलण्यापासून एका पायावरच्या उड्यांपर्यंत हळूहळू भार वाढवत नेला. दुखणाऱ्या भागाला पूर्ण विश्रांती द्यावी, हा समज फार चिवट आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंचावर ठेवणे हे चतुःसूत्र १९७८ मध्ये रूढ करणारे डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे बर्फ आणि संपूर्ण विश्रांतीविषयीचे आपले मत बदलले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधावरील शस्त्रक्रियेनंतर तर घाई अधिकच महागात पडते. नऊ महिन्यांच्या आत उड्या व झटकन वळणे असलेल्या खेळाकडे परतणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण लक्षणीय वाढते, असे अभ्यासांत दिसले आहे. आणि नऊ महिने उलटले म्हणजे परवाना मिळाला, असेही नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावरच्या उडीचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के भरते का, हे फिजिओथेरपिस्ट मोजून पाहतात.

दुखापत टाळण्याचे उपाय त्या मानाने स्वस्त आहेत, आणि म्हणूनच बहुधा दुर्लक्षित. फुटबॉलसाठी तयार केलेला ‘फिफा इलेव्हन प्लस’ हा सुमारे वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या आहेत. घोटे कोणी धरून ठेवले असता गुडघ्यांवरून शरीर सावकाश पुढे झुकवण्याचा ‘नॉर्डिक’ व्यायाम मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आणतो. यासाठी लागतो तो जोडीदार आणि चिकाटी. बहुतेक संघांत दुसरीच कमी पडते.

म्हणून आपणास विनंती, की दुखापतीच्या बातमीत ‘किती आठवडे’ याबरोबरच तो खेळाडू आता काय करू शकतो, धावतो का, दुखऱ्या पायावर उडी घेतो का, हेही शक्य तेव्हा छापावे.

आपला नम्र,
एक हौशी व्हॉलीबॉलपटू