पवनचक्कीवाल्या काकांना, बाबांकडून आणि आम्हा सगळ्यांकडून

नमस्कार काका,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, ओळखीतल्या कोणी वाचलं तर तुमच्यापर्यंत पोचेल. रविवारी दुपारी आलेलो आम्ही पाच जण, त्यातले काठीवाले आजोबा म्हणजे माझे बाबा. पवनचक्कीचं म्यूझियम बंद व्हायला जेमतेम अर्धा तास उरला होता, वारा पण पडलेला, तरी तुम्ही "या या" म्हणून आत घेतलंत, त्याबद्दल थँक यू तर आहेच. पण खरे आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

बाबांनी पस्तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली. आता ऐकू कमी येतं, त्यामुळे कुठेही गेलो की गाइड भराभर बोलत पुढे जातो आणि बाबा मागे नुसती मान हलवत उभे. एका ठिकाणी तर "आजोबा, हात लावू नका" असं सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं होतं, तेव्हापासून ते अशा जागी हात पाठीमागे बांधूनच फिरतात. तुमच्याकडेही तसेच उभे होते. तुम्ही पवनचक्कीतल्या दळायच्या दगडांचं सांगत होतात, खालचा जागचा हलत नाही, वरचा फिरतो, तो एकटाच टनभर वजनाचा, दाणे मधल्या भोकातून पडतात आणि दळत दळत कडेला पीठ होऊन येतात, आणि बाबा मध्येच म्हणाले "कडेला फट किती ठेवता?" सकाळपासूनचं त्यांचं पहिलं वाक्य हे! तुम्ही आम्हाला सोडून सरळ त्यांच्यासमोर येऊन उभे राहिलात आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणालात, "कागदाइतकी. तुम्ही गिरणीवाले का?"

मग काय, अर्ध्या तासाचे दोन तास झाले.

वारा सुटला तसा तुम्ही ब्रेक सोडलात, पाती फिरायला लागली आणि पायाखालची फळी हलकीच थरथरायला लागली. बाबांनी दगडाखालच्या तुळईला तळहात लावला, थोडा वेळ डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "दगड लांब आहेत, जवळ घ्या." दुसरा कोणी हसून विषय बदलला असता, तुम्ही त्यांचा हात धरून दगड वरखाली करायच्या स्क्रूवर नेऊन ठेवलात. ते एका हाताने स्क्रू थोडा थोडा फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने खाली पडणारं पीठ अंगठा आणि बोटात चोळून बघत होते, भरड, अजून भरड, हां आता बरोबर. काका, लहानपणी मी हे रोज बघितलंय, दळण कसंय ते बाबांचा अंगठा सांगायचा, आणि मी ते साफ विसरून गेले होते.

लेकीला मात्र ती घंटी आवडली. धान्याच्या पेटीतला पट्टा दाण्यांच्या वजनाने दाबून राहतो, दाणे संपत आले की सैल होतो आणि घंटी वाजते, कारण दगड रिकामे फिरले तर एकमेकांवर घासून खराब होतात, ठिणग्या उडून आग लागायचीही भीती. आता घरी डबा रिकामा झाला की ती तोंडाने टिण टिण करत फिरते. आमच्या ह्यांना मागचा छोटा पंखा फार आवडला, मुख्य पात्यांना काटकोनात बसवलेला, वाऱ्याची दिशा बदलली की तो फिरतो आणि अख्खं छप्पर पात्यांसकट पुन्हा वाऱ्याकडे तोंड करतं, एडमंड ली नावाच्या माणसाने १७४५ साली ह्याचं पेटंट घेतलं हे ऐकल्यापासून भेटेल त्याला सांगतायत. वीज नाही, मोटर नाही, आणि केवढी अक्कल!

निघताना तुम्ही म्हणालात की पवनचक्की बंद ठेवली की लाकूड खराब व्हायला लागतं, फिरत राहिली तरच टिकते, म्हणून तुम्ही सगळे आळीपाळीने सुट्टीचे दिवस इथे देता, पगार नाही काही नाही. घरी येऊन शोधलं तर कळलं की नेदरलँड्समधल्या पवनचक्क्या आणि पाणचक्क्या चालवणाऱ्यांची कला युनेस्कोने २०१७ मध्ये वारसा म्हणून नोंदवलीय, आणि तिथेही कितीतरी लोक हे हौसेने शिकून करतात. बाबांना मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

तर बाबांचा निरोप असा, की वरच्या दगडाच्या खाचा एका बाजूला बोथट झाल्यात, टाकी लावायला झालीय. दगड उचलायचा दिवस ठरला की आम्हाला नक्की कळवा. त्यांची जुनी टाकी आणि हातोडी माळ्यावरून काढून झालीय, कालच धार लावून आणली.

तुमची,
काठीवाल्या आजोबांची मुलगी