फोन कट केला त्याबद्दल, आणि सुंगट्याबद्दल

डिचोली, १३ जुलै

प्रिय बाबलो,

त्या दिवशी तुझा फोन मध्येच कट केला आणि नंतरचे तुझे तीन मिस्ड कॉल बघूनही उचलले नाहीत. राग तुझ्यावर नव्हता असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला, तुझ्यावरच होता. तू म्हणालास "अरे, किती ओढणार आहेस त्याला", आणि त्या वेळी मी स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसलेलो, एका हातात सिरिंज, मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला आपला म्हातारा बोका सुंगट्या, शर्टावर मिक्सरमधून काढलेलं चिकन, आणि तू स्पीकरवर. अशा वेळी खरं बोलणारा माणूस कोणालाच नको असतो. व्हॉट्सअॅपवर लिहायला घेतलं तर तीनदा पुसलं, म्हणून म्हटलं नीट पत्रच लिहू, तसंही पावसाने वीज गेलीय आणि लॅपटॉपची बॅटरी संपेपर्यंत वेळच वेळ आहे.

तुला सगळं तुकड्यातुकड्यात कळलंय. सुरुवात जानेवारीत झाली, आणि ती खाण्याने नाही, पाण्याने. वाटी संपवायचा, मग न्हाणीतल्या बादलीत तोंड घालायचा, तुळशीत घातलेलं पाणीसुद्धा चाटायचा. आई म्हणाली उष्णता वाढलीय, आणि मलाही ते सोयीचं वाटलं. मार्चमध्ये उचलला तर हाताला पाठीचा कणा मण्यांच्या माळेसारखा लागला. पहिल्या डॉक्टरांनी लांबूनच बघून सांगितलं की पंधरा वर्षांचा झालाय, म्हातारपणी कमीच खातात. रक्त काढलंच नाही. आणि मी डोकं हलवून घरी आलो, ह्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हातारपण हा काय आजार आहे का रे?

मग म्हापशाला नेला. तिथल्या डॉक्टर मुलीने आधी वजन केलं, ३.१ किलो. दोन वर्षांपूर्वी ४.६ होतं. क्रिएटिनीन, म्हणजे किडनी किती चालते ते सांगणारा रक्तातला आकडा, आलं ४.१. किडनीच्या ह्या आजाराचे चार टप्पे असतात, हा तिसऱ्यात. किडनीचं साधारण पाऊण काम बंद पडेपर्यंत हा आकडा म्हणे वर जातच नाही, म्हणजे आपल्याला कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, म्हणून पाणी तसंच निघून जातं आणि मांजर तहानलेलंच राहतं, आणि जी घाण बाहेर पडायची ती रक्तात साठते. बरं होणार नाही, सांभाळता येईल, असं तिने सरळ सांगितलं. आणि वर एक गोष्ट सांगितली जिने माझी झोपच उडाली. मांजर दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर अंगातली चरबी लिव्हरवर चढते आणि मग किडनी राहते बाजूलाच.

झालं. मी वही घातली. तू मला ओळखतोस, शाळेत हजेरीपट सांभाळणारा माणूस, त्याच्या हातात वजनकाटा आला की काय होणार. सकाळी किती ग्रॅम ठेवलं, किती उरलं, वजा करून किती खाल्लं. ४१. २६. १८. एक दिवस ९. जमिनीवर लग्नाच्या बुफेसारख्या सात-सात बशा, किडनीचं डाएट फूड, उकडलेलं चिकन, त्याचं पाणी, अंड्याचा बलक. त्यात १ जूनपासून मासेमारी बंदी, बाजारात ताजे पेडवे नाहीत, आणि ह्याला फ्रीजरमधला बांगडा ठेवला तर माझ्याकडे असा बघायचा की मीच तो शिळा केलाय. बशी पुढे सरकवायची, दोन मिनिटांनी परत सरकवायची, बोटाने ओठाला लावायचं, नाहीतर सिरिंज. शेवटी शेवटी चमच्याचा आवाज आला की तो उठून कपाटामागे जायचा. पंधरा वर्षं ज्या आवाजाला धावत यायचा, त्याच आवाजाला. तू फोन केलास तेव्हा आम्ही ह्या थराला आलो होतो.

मग हे कोडं सुटलं ते आईमुळे. आई स्वतः आता ७८ची, तीही चिमणीएवढंच जेवते, आणि मी तिच्याही मागे लागलेला असतो. ती सोप्यावर बसून तासभर नुसती त्याच्याकडे बघत होती. मला हाक मारली, म्हणाली, "ताका भूक ना अशें न्हय रे, ताका पोटांत ढवळटा." म्हणजे भूक आहे, पण त्याला मळमळतंय. मी विचारलं तुला कसं कळलं. तर म्हणे बघ की, बशीपाशी येतो, वास घेतो, मग ओठ चाटतो, दोनदा आवंढा गिळतो आणि मान फिरवतो, ज्याला नकोच असेल तो उठून येईल कशाला? मी बघितलं. अगदी तसंच. बशीजवळ आला, नाक खाली नेलं, जीभ बाहेर येऊन नाकापर्यंत गेली, गळा हलला, आणि वळला. हे मी रोज वीस वेळा बघत होतो रे, फक्त माझी नजर बशीत किती उरलं त्यावर होती.

डॉक्टरना व्हिडिओ पाठवला. त्या म्हणाल्या आई बरोबर आहेत, आणि आधी ती सिरिंज फेका, मळमळत असताना जबरदस्तीने भरवलं तर त्याच्या डोक्यात अन्न आणि मळमळ एकत्र बसते आणि मग बरं वाटलं तरी तो ते खात नाही. उलटी थांबायचं औषध सुरू केलं. आणि भूक लागायला मिर्टाझापिन, माणसांचीच गोळी, वजन बघून ठरवलेला बारीक तुकडा एक दिवसाआड. ती डिप्रेशनची गोळी म्हणून फार्मसीवाल्याने चिठ्ठी दोनदा वाचली आणि आवाज खाली करून विचारलं, "सर, घरी सगळं बरं आहे ना?" मी म्हटलं मांजरासाठी आहे. त्याने आणखीच काळजीने बघितलं. पहिल्या डोसच्या रात्री सुंगट्या घरभर ओरडत फिरला, एक वाजेपर्यंत, कुळागरातल्या कोल्ह्यांनाही लाज वाटेल असा, पण मधेमधे येऊन खाऊन जात होता.

आणि सलाईन. हे ऐकून तू हसशील, दहावीत बेडूक कापायच्या गोष्टीनेच चक्कर आलेला मी, आता एक दिवसाआड मांजराला सुई टोचतो. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, मग खिडकीच्या गजाला टांगायची, दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि त्यात सुई. शिरेत नाही, नुसतं कातडीखाली. १०० मिली गेलं की उंटासारखं टेंगूळ येतं आणि संध्याकाळपर्यंत ते ओघळून पुढच्या पायात उतरतं, एक पाय पैलवानाचा आणि तीन काटक्या. पहिल्या दिवशी सुई ह्या बाजूने घालून त्या बाजूने काढली, सगळं सलाईन माझ्या लुंगीवर. आता आई त्याचं डोकं खाजवत बसते आणि दहा मिनिटांत होतं.

जेवण आता एकच बशी, पसरट, आजीच्या जुन्या पाटावर ठेवतो म्हणजे मान वाकवावी लागत नाही. थोडं कोमट करून, कारण नाकाला कळल्याशिवाय मांजर तोंड लावत नाही. वीस मिनिटांनी उचलायचं, काही न बोलता. किडनीचं डाएट तो हुंगतही नाही. डॉक्टर म्हणाल्या योग्य ते न खाण्यापेक्षा जे खाईल ते खाऊ दे. फक्त मीठ नको, आणि हे आईला पटवणं सगळ्यात कठीण, कारण पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांच्या, डब्यातला खारा बांगडा ती पदराआडून त्याला देते हे मला माहीत आहे. दोघंही पकडले गेले की सारखाच चेहरा करतात. शेजारच्यांनी मात्र त्याचं अंग गरम लागतंय म्हणून पॅरासिटामॉल द्यायला सुचवलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच, मांजराला ती एक गोळीसुद्धा जीवघेणी ठरू शकते, आणि मांजराचं अंग तसंही आपल्यापेक्षा गरमच असतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. किती ओढणार. मी डॉक्टरना तेच विचारलं, तुझेच शब्द, तुझं नाव न घेता. त्यांनी आकडा दिला नाही. म्हणाल्या त्याला स्वतःला आवडणाऱ्या दोन-तीन गोष्टी लिहून ठेवा आणि त्या तो करतो का बघा. म्हणून वहीत ग्रॅम बंद केलेत आणि तीन रकाने आखलेत. पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंपू वाजला की सोप्यावर येतो का. स्वतःचं अंग चाटतो का. दुपारी आईच्या पायाशी झोपतो का. ह्या आठवड्यात पदेराला सातपैकी पाच दिवस आला. अंग चाटणं कमी झालंय, पाठीवर केसांच्या गाठी दिसतात, ओल्या कपड्याने मीच पुसतो. ज्या आठवड्यात तिन्ही रकाने रिकामे जातील तेव्हा काय करायचं हे मी आणि आई बोललोय. डॉक्टर घरी येतील म्हणाल्या. आई त्यावर काही म्हणाली नाही, दुसऱ्या दिवशी फक्त विचारलं की फणसाखाली जागा सुकी असते ना पावसात.

तर तू चुकीचं बोलला नव्हतास, पंधरा दिवस लवकर बोललास एवढंच. आणि तुला बोलायचा हक्क आहेच, २०१० च्या जूनमध्ये म्हापशाच्या कदंब बस स्टँडमागच्या गटारातून त्याला तूच काढलास, हेल्मेटमध्ये बसवून आणलास, आणि सोललेल्या सुंगटासारखा, म्हणजे कोळंबीसारखा, वाकडा होऊन झोपलाय म्हणून नावही तूच ठेवलंस. मी फक्त सांभाळला.

चवथीला येतोयसच. गणपतीवर फळं टांगायची माटोळी बांधायला यंदा माझ्या खांद्याचा भरवसा नाही, लवकर ये. येताना पुण्यातून ट्यूना चे ते छोटे पाऊच आण, इथे एकाच दुकानात मिळायचे, तेही संपलेत. पण दोनच आण रे. बॉक्स नको.

तुझा,
मास्तर