कोकणकड्यावरचे दगड उलथू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या पुरवणीतला हरिश्चंद्रगडावरच्या जिओकॅशिंगचा लेख वाचला आणि गप्प बसवेना. मोबाईल घेऊन लपवलेला डबा शोधायचा, मजा येते, मान्य. पण हा गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, याचा लेखात एका ओळीनेही उल्लेख नाही!

गेल्या भाद्रपदात कोकणकड्याच्या अलीकडे काही तरुण दगड उलथत होते. जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतंच, म्हणजे तेवढ्या टापूतला एकही दगड सुटत नाही. एका दगडाखाली विंचवीण होती, पाठीवर पांढुरक्या पिल्लांची दाटी. एकाने तिला काठीने ढोसलं. पिल्लं चिखलात सांडली, ती तिथेच गोल गोल फिरत राहिली. उलथलेला दगड कुणी जागेवर ठेवला नाही. शेवटी कपारीत डबा मिळाला. आत भिजलेली वही, स्टिकर आणि चॉकलेटं. नावं लिहून डबा परत कोंबला. हटकलं तर म्हणाले, “काका, आम्ही कुठे कचरा करतोय?” मग अभयारण्यात ठेवलेल्या प्लास्टिकच्या डब्याला काय म्हणायचं? त्या चॉकलेटांपायी उद्या माकडं तो डबा फोडतील.

डबा ठेवण्याआधी जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी आणि त्यात खाण्याची वस्तू ठेवू नये, हे या खेळाचेच नियम आहेत. तुमच्या लेखकाने ते वाचायला हवे होते. त्याच खेळात 2004 पासून ‘अर्थकॅश’ हा प्रकार आहे. त्यात डबाच नसतो. जागेवर जायचं, खडक निरखायचा, प्रश्नाचं उत्तर पाठवायचं. कोकणकडा तर त्यासाठीच उभा आहे. लाव्हाचा एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे कड्याकडे पाहून सांगा म्हणावं. ते शोधायला एकही दगड हलवावा लागत नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत कड्याच्या अगदी धारेवर तंबू ठोकलेला दिसतो. धारेपासून लांब राहा म्हणून पाचनईची वाटाडी पोरं घसा कोरडा करतात, आणि तुम्ही तोच फोटो अर्धं पान छापता. असं करू नका.

पुढच्या पुरवणीत ठळक चौकट छापा: अभयारण्यात ठेवलेले डबे ज्यांनी ठेवले त्यांनी काढून न्यावेत.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, राजूर (ता. अकोले)