दोष वाईनचा नव्हे, वाटून टाकलेल्या नावाचा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीत वाईनवरचा लेख वाचला. त्यात जर्मनीच्या पांढऱ्या लीबफ्राउमिल्शला ‘साखरपाणी’ म्हणून एका ओळीत निकालात काढलंय. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी पोरं चोर्ला घाट उतरून गोव्याच्या हॉटेलांत कामाला जातात. मीही गेलो, आणि वेटरकीतच म्हातारा झालो. विलायती पाहुण्यांना ही वाईन पुष्कळ ओतली आहे, म्हणून लिहितोय.

मुळात ही ऱ्हाईनकाठच्या वोर्म्स गावातली, तिथल्या लीबफ्राउएन चर्चला लागून असलेल्या मळ्यातली. एकोणिसाव्या शतकात चांगल्या ऱ्हाईन वाईनला लंडनमध्ये फ्रान्सच्या बोर्दोकडच्या बड्या वाईनच्या तोडीचा भाव होता, आणि त्यात हिचा मान मोठा. पण चर्चभोवतीचा मळा तो केवढा? मागणी वाढली तसं व्यापारी तेच नाव बाहेरच्या मालालाही लावू लागले. 1910 च्या सुमारास वोर्म्सच्या व्यापारी मंडळानंच ऱ्हाईनकडच्या कुठल्याही बऱ्या वाईनला ते लावायची मुभा देऊन टाकली. 1971 च्या कायद्यानंतर तर ऱ्हाईनहेसन, फाल्झ, नाहे, ऱ्हाईनगाऊ, चारी प्रदेश त्यात आले. वाईन गोडसर हवी, पण रीसलिंग या उंची द्राक्षाची सक्ती नाही! मग भरघोस येणारं म्युलर-थुरगाऊ वापरायचं, गोडीला न आंबवलेला द्राक्षरस घालायचा, की भरली बाटली. त्यात 1985 साली ऑस्ट्रियाच्या वाईनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, आणि काही जर्मन बाटल्यांतही ती भेसळ निघाली. उरलीसुरली पत गेली.

आमच्याकडं ब्लू नन, म्हणजे याच वाईनचा गाजलेला ब्रँड, मागवणारी बहुतेक एखादी आजीबाईच असायची. बाटली उंच, निमुळती. बर्फाच्या बादलीत घातली तरी मान वीतभर बाहेर, त्यामुळं पहिला ग्लास कोमटच जायचा. म्हणून मॅनेजरची नजर चुकवून मी ती आधी थोडा वेळ उलटी बुडवून ठेवायचो. शेजारच्या टेबलावरची तरुण मंडळी लेबल बघून हसायची, आणि स्वतः कोळंबीच्या हुमणाबरोबर गोडी नसलेली आंबट वाईन घेऊन नाकाडोळ्यांतून पाणी काढत बसायची. तिखटाला जरा गोडी लागतेच. आजीबाईला ते बरोबर ठाऊक होतं.

आणि आमच्या बेळगावी बासमतीचं तरी वेगळं काय चाललंय? वडगाव-शहापूरच्या शिवारातलं भात चुलीवर असलं की गल्लीला वर्दी जायची. आता कुठलाही बारीक तांदूळ त्याच नावानं विकायला ठेवतात. शिजला तरी शेजारणीला पत्ता नाही!

वोर्म्सचा तो मळा अजून आहे. तिथल्या बाटलीवर आता लीबफ्राउएनश्टिफ्ट-किर्षेनश्ट्युक असं लांबलचक नाव असतं, आणि आत रीसलिंग. लेखकमहाशयांनी ती एकदा चाखून बघावी आणि पुढच्या रविवारी काय ते लिहावं.

आपला,
एक निवृत्त वेटर,
खानापूर, जि. बेळगाव