ब्रेल छपाई थांबू नये म्हणून सर्व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या छापखान्यातल्या ब्रेल यंत्राचा तिसरा हातोडा महिनाभरापासून नीट उठत नाही. ब्रेल वाचणाऱ्यांना एवढे वाक्य पुरे आहे. इतरांसाठी थोडी फोड करून सांगतो. ब्रेल ही अंधांची बोटांनी वाचायची, उठावदार टिंबांची लिपी. तिच्या प्रत्येक घरात, म्हणजे एका चिन्हाच्या जागेत, सहा टिंबांची जागा असते, डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. यंत्रात एकेका टिंबासाठी एकेक हातोडा असतो. क म्हणजे १-३, म म्हणजे १-३-४, ल म्हणजे १-२-३. तिसरे टिंब उमटले नाही की क चा अ होतो, म चा च होतो, ल चा ब होतो. ‘कमल’ छापायला द्यावे आणि बोटाखाली ‘अचब’ यावे अशी सध्या गत आहे. त्यातही यंत्र गार असते तोवर पहिली पंधरा-वीस पाने चांगली येतात. हातोडा हलवणारी तारेची कॉइल तापली की टिंब बुजायला लागते. त्यामुळे चूक पहिल्या धड्यात सापडत नाही, चौथ्यात सापडते, आणि तोपर्यंत सगळा कागद वाया गेलेला असतो.

दुरुस्ती दोनदा करून झाली. स्प्रिंग बदलली, कॉइलची तार नव्याने गुंडाळून घेतली. पण हातोड्यांची टोकेच झिजली आहेत आणि समोरच्या पट्टीतले खळगेही. एकटा तिसरा बदलून भागत नाही, कारण नवा हातोडा बाकीच्या पाचांपेक्षा उंच राहतो आणि कागदाला भोक पाडतो. सहाचा पूर्ण संच आणि पट्टी एकदमच बदलावी लागेल. हे काम मार्चअखेर झाले नाही तर यंदाची पुस्तके जूनमध्ये मुलांच्या हातात पडणार नाहीत.

या निमित्ताने ज्यांनी आजवर हा छापखाना चालता ठेवला त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. पुण्याला हे काम नवे नाही. कोरेगाव पार्कच्या अंधशाळेची परंपरा १९३४ पासूनची, आणि त्या पिढीकडे पाहूनच आपल्या संस्थेची घडी बसली. पहिले यंत्र घेतले तेव्हा निम्मी रक्कम सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी दिली. नाव कुठे लावायचे नाही ही त्यांची अट होती, ती आजही पाळतो. चिंचवडच्या टूलरूममधल्या कामगारांनी यंत्राचा एक दातेरी भाग सुट्टीच्या दिवशी लेथवर करून दिला आणि मजुरी विचारली तर रागावले. कोथरूडच्या भगिनींच्या भिशी मंडळाने सलग काही वर्षे दिवाळीची भिशी कागदासाठी दिली. स्वारगेटच्या स्टँडवरचे रिक्षाचालक बोर्डाच्या परीक्षेच्या दिवसांत एसटीतून उतरलेल्या आपल्या मुलांना केंद्राच्या दारापर्यंत पोचवतात, आणि नुसते दारापर्यंत नाही, वर्गात बाकावर बसवून मगच परत फिरतात. लक्ष्मी रोडचे एक दुकानदार कापडाच्या गठ्ठ्यांची जाड पुठ्ठ्याची खोकी वर्षभर जपून ठेवतात, कारण आमचे ग्रंथ त्यातूनच राज्यभर जातात. या सगळ्यांचे ऋण फिटणारे नाही.

म्हणूनच एक गोष्ट मनात सलते, ती लिहितो. ४ जानेवारीला, लुई ब्रेल यांच्या जयंतीला, दरवर्षी सभागृह भरते. भाषणे होतात, ब्रेल पाटीसोबत फोटो काढले जातात, ‘काही लागले तर सांगा’ असे बरेच जण सांगून जातात. गेल्या वर्षी आम्ही सांगितले. वहीत ज्यांनी नावे लिहिली त्यांना एकेक करून फोन केले. मुद्रिते (छपाईच्या तपासणीच्या प्रती) तपासायला प्रत्यक्षात आलेल्यांची मोजणी एका हाताच्या बोटांवर संपली. उलट वाढदिवसाचे फळवाटप, जुने कपडे आणि एका दुपारच्या जेवणाची विचारणा मात्र दर आठवड्याला येते. देणाऱ्याच्या भावनेचा आम्हाला आदरच आहे. पण अकरावीतल्या मुलीला अर्थशास्त्राचे पुस्तक हवे असताना तिच्या हातात केळी ठेवायची, हे आम्हाला जड जाते.

कायदा आपल्या बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षे वयापर्यंत पुस्तके आणि साधने मोफत द्यावीत असे स्पष्ट म्हटले आहे. ती वेळेवर मिळावीत, परीक्षेत लेखनिक (सांगितलेले उत्तर लिहून देणारा) आणि जादा वेळ मिळावा, सरकारी नोकरीतली अंध आणि अल्पदृष्टी उमेदवारांची १ टक्का राखीव जागा प्रत्यक्षात भरली जावी, यासाठी पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात आपल्या कार्यकर्त्यांच्या खेपा चालू आहेत आणि चालूच राहतील. पण अठरा ओलांडलेल्यांची, बीए-एमएची, स्पर्धा परीक्षांची, अभ्यासक्रम बदलल्यावर अचानक लागणारी पुस्तके कुणी करायची? गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मागण्या शेवटी आपल्याच टेबलावर येतात.

पुस्तक होते कसे, हे एकदा नीट समजले तर कुठे हात लावता येईल ते आपोआप कळेल. साध्या छपाईचे एक पान ब्रेलमध्ये साधारण तीन पाने होते. १२० पानांचे पाठ्यपुस्तक घेतले तर ब्रेलची ३६० पाने. कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापले तरी १८० कागद, तेही १४० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपासचे जाड. एका पुस्तकाचा नुसता कागदच दोन किलो भरतो, म्हणून त्याचे तीन खंड करावे लागतात. झेरॉक्सचा ७०-८० जीएसएम कागद आणून देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण त्यावर टिंब एकतर फुटते किंवा दोन-तीन वाचनांत बसून जाते. आणि हे सगळे पावसाच्या आत उरकावे लागते. जूनची दमट हवा लागली की कागद मऊ पडतो, यंत्रात अडकतो, टिंब उचलत नाही. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये मजकूर, मार्च-एप्रिलमध्ये मुद्रिते आणि एप्रिल-मेमध्ये छपाई.

खरा वेळ जातो तो मजकुरात. प्रकाशकाकडून फाईल मिळाली तरी ती बहुधा जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमधली असते. अशा फाईलमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते. ब्रेलमध्ये मात्र ‘कि’ लिहायचे म्हणजे आधी क आणि मग इ. रूपांतर नीट झाले नाही की प्रत्येक वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. फाईल नसेल तर पाने स्कॅन करून ओसीआर करायचे, म्हणजे चित्रातली अक्षरे संगणकाकडून ओळखून घ्यायची. तिथे घ चा ध, भ चा म, थ चा य होतो, अनुस्वार गळतात, ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ हमखास बिघडतात. डोळ्याने वाचणारा ‘धर’ला ‘घर’ समजून सहज पुढे जातो. बोटाला ती सोय नाही. घ म्हणजे १-२-६ आणि ध म्हणजे २-३-४-६, या दोन आकारांत काडीचे साम्य नाही. वाचणाऱ्या मुलाला चूक झाली आहे हेही कळत नाही, आपल्यालाच शब्द येत नाही असे त्याला वाटते.

म्हणून मुद्रिते जोडीने तपासतो. आपला एक अंध वाचक ब्रेलची प्रत बोटाने मोठ्याने वाचतो, समोर डोळस व्यक्ती मूळ पुस्तक धरून ओळीओळीने पाहते. ब्रेल येण्याची अजिबात गरज नाही. शुद्धलेखनाची नजर आणि दोन तास बैठक हवी. अंध वाचक आपल्याकडे तयार आहेत. त्यांच्यासमोरची खुर्ची रिकामी आहे. टंकलेखन मात्र घरबसल्या होते, फक्त युनिकोडमध्ये करावे आणि ओळी जुळवायला स्पेसबार वापरू नये, कारण ब्रेलमध्ये त्या प्रत्येक स्पेसचे एक रिकामे घर होते. कॉपीराइटची शंका बरेच जण विचारतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने अंधांसाठी ना-नफा तत्त्वावर अशा प्रती करायला मुभा दिली आहे, आणि याच विषयावरच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश आहे. निर्धास्त राहा.

आकृत्यांचे काम हाताने होते. शिवणकामातले दातेरी ट्रेसिंग व्हील, खाली रबराची शीट, वर ब्रेलचा कागद. रेघ मागच्या बाजूने ओढायची आणि पुढच्या बाजूला ती उठते, म्हणून आकृती आधी आरशातल्यासारखी उलटी करून घ्यावी लागते. हे विसरले की महाराष्ट्राच्या नकाशात कोकण उजवीकडे जाते. नद्या आणि सीमा एकाच चाकाने ओढू नयेत, बोटाला फरक कळत नाही. नदीला बारीक दात, सीमेला मोठे. दोन रेघांमध्ये निदान करंगळीच्या अर्ध्या रुंदीएवढी जागा सोडावी. शिवणकाम येणाऱ्या भगिनींचा हात यात फार चांगला बसतो.

आता काय हवे ते. हातोड्यांचा संच व पट्टी, एक स्टॅबिलायझर, जूनच्या पुस्तकांचा कागद. कोटेशन कार्यालयातल्या फलकावर लावले आहे, कुणीही पाहावे. रकमेला खालची मर्यादा नाही. धनादेश संस्थेच्या पूर्ण नावाने, यूपीआयसाठी कोड पावतीपुस्तकावर आणि दारावर आहे. ८०जी च्या (आयकर सवलतीच्या) पावतीसाठी पॅन क्रमांक व पत्ता द्यावा. २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. कागद वस्तुरूपात देणार असाल तर आधी नमुना दाखवावा, आर्ट पेपर आणू नये. मुद्रितांची बैठक शनिवार-रविवारी सकाळी, कार्यालयाच्या मागच्या खोलीत. दहावी-बारावीसाठी लेखनिकही हवेत: तो परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला हवा, पालकांची संमती हवी, तासाला २० मिनिटे जादा मिळत असल्याने तीन तासांच्या पेपरला चार तास बसण्याची तयारी हवी. एकदा हो म्हटले की आदल्या रात्री नाही म्हणू नये, आयत्या वेळी दुसरा लेखनिक मंजूर करून घेता घेता मुलाचा पेपर सुरू झालेला असतो.

पुस्तके बांधायला आणि पोस्टात न्यायला दोघे-तिघे मे महिन्यात लागतील. अंधांसाठीच्या साहित्याला ७ किलोपर्यंत टपालखर्च पडत नाही, म्हणजे एका गठ्ठ्यात तीन पुस्तके बसतात. गठ्ठा बांधताना खंड उभे ठेवायचे, एकावर एक आडवे रचले की खालच्या पुस्तकाची टिंबे दबतात. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता असते, त्या दिवशी यंत्र बंद असते, पण कार्यालय उघडे आहे.

आपला नम्र,
कार्यवाह
(कार्यकारिणीच्या वतीने)
पुणे