आमदारांचा हिशेब पाच वर्षांतून एकदाच का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागलो आणि मंडळ अधिकारी म्हणून रिटायर झालो. २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्जांच्या छाननीला माझी ड्युटी होती, त्यामुळे नमुना २६ चं अॅफिडेव्हिट, म्हणजे उमेदवार आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे शपथेवर लिहून देतो तो कागद, हा काय प्रकार असतो ते जवळून बघितलंय. आम्ही तिथे काय बघायचो तर सही आहे का, शिक्का आहे का, एखादा रकाना मोकळा राहिलाय का. मोकळा असला तर उमेदवाराला कळवायचं की हा भरून द्या, काही नसेल तर निरंक लिहा, आणि तरी नाही भरला तर अर्ज बाद होऊ शकतो, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. पण रकान्यात लिहिलेलं खरं की खोटं हे बघायचं काम त्या टेबलावर कुणाचंच नव्हतं.

एका अर्जात एक गट नंबर दिसला, जमीन जिरायत दाखवलेली, किंमत अगदी किरकोळ, आणि तो गट माझ्याच जुन्या सज्जातला, त्या बांधावर मी स्वतः उभा राहून पंचनामा केलेला, रोडला लागून चांगलं मोठं गोडाऊन आहे तिथे. मी साहेबांना हळूच सांगितलं. साहेब म्हणाले आपल्याला तो अधिकार नाही, कुणाचा आक्षेप आला तर फाईलला लावून ठेवू. साहेबांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नियमच तसा आहे. पण ते गोडाऊन काही माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

हे अॅफिडेव्हिट आपल्याला कुणी सहजासहजी दिलेलं नाही हे आधी लक्षात घ्या. १९९९ मध्ये अहमदाबादच्या आयआयएमच्या काही प्राध्यापकांनी एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स) ही संस्था काढली, ते कोर्टात गेले, २ मे २००२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे हे सगळं कळणं हा मतदाराचा हक्क आहे. लगेच संसदेने कायद्यात नवीन कलम घालून तो हक्क आखडायचा प्रयत्न केला, ते कलम कोर्टाने २००३ ला रद्द केलं. सगळे पक्ष एकमेकांचे शत्रू असतात पण या एका गोष्टीवर तेव्हा त्यांचं जमलं होतं, हे मला फार लागलं होतं आणि अजून लागतं. पुढे २०१८ ला कोर्टाने उत्पन्न कुठून आलं तेही सांगायला लावलं, २०१९ पासून पाच वर्षांची इन्कम टॅक्सची माहिती आली, म्हणजे फॉर्म सुधारत गेला. तपासणी मात्र होती तिथेच राहिली. खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ए खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पण कोर्टात जायचं कुणी, तर बहुतेक वेळा ज्याला शंका आली त्या मतदाराने, आपला वेळ आणि आपला पैसा घालून. ज्याला रोज शेतावर जायचंय तो कशाला जाईल?

तपासलं तर सापडतं बरं का. २०१७ मध्ये इन्कम टॅक्सच्या वरिष्ठ मंडळाने सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं की लोकसभेचे ७ खासदार आणि वेगवेगळ्या राज्यांतले ९८ आमदार यांच्या संपत्तीतली वाढ प्रथमदर्शनी संशयास्पद दिसतेय. ही त्यांची स्वतःची, सहीनिशी दिलेली माहिती शेजारी-शेजारी ठेवून निघालेली गोष्ट आहे.

आता माझा मुख्य मुद्दा. खासदारांना त्याच कायद्याच्या कलम ७५ए प्रमाणे शपथ घेतल्यापासून ९० दिवसांत मालमत्ता सभागृहाला कळवावी लागते, ती पण गोपनीय, अध्यक्षांच्या लेखी परवानगीशिवाय तुम्हाआम्हाला बघायला मिळत नाही. आणि आमदार त्या कलमात नाहीतच. म्हणजे माझ्या आमदाराचं जे शपथपत्र मला आज ऑनलाइन दिसतं ते नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीचं, आणि पुढचं दिसणार ते पुढच्या निवडणुकीला, तेसुद्धा ते उभे राहिले तर. मधल्या पाच वर्षांत किती बिलं पास होतील, किती जमिनींचं आरक्षण उठेल, किती टेंडरं निघतील, आणि लोकांपुढे हिशेब येणार शून्य.

आम्हा नोकरदारांचं बघा. १९७९ चे वर्तणूक नियम, त्यातला १९ वा नियम, जमीन घेतली कळवा, विकली कळवा. मी मुलाच्या नावाने छोटा प्लॉट घेतला, ऑफिसला कळवायला उशीर झाला तर कारणे दाखवा नोटीस हातात आली, चार दिवस घरात जेवण गोड लागलं नाही. तक्रार नाही माझी, नियम होता, मी चुकलो. ग्रामपंचायतीचा साधा मेंबर, त्याने निवडणूक खर्चाचा हिशेब मुदतीत दिला नाही तर कलेक्टर त्याला अपात्र करतात, असे कितीतरी मेंबर घरी बसलेले मी बघितलेत, त्यात मजुरी करणाऱ्या बायासुद्धा होत्या, त्यांना फॉर्म कोणता हेच माहीत नव्हतं. मग विधानसभेच्या २८८ आणि विधान परिषदेच्या ७८ जणांना दरवर्षी एक विवरणपत्र द्यायला काय अडचण आहे? शेजारच्या कर्नाटकात आमदारांना दरवर्षी ३० जूनपर्यंत लोकायुक्तांकडे, म्हणजे सत्तेतल्या लोकांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, मालमत्ता सांगावी लागते, तो कायदा १९८४ चा आहे. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ३३ पैकी २१ न्यायमूर्तींची मालमत्ता वेबसाइटवर टाकली. आणि लोकायुक्त नेमण्यात तर आपलं राज्य पहिल्यांमधलं, १९७१ चा कायदा आपला.

सदस्यांचं वर्तन बघायला सभागृह जी नैतिकतेची कमिटी नेमतं तिचंही तेच. १९५१ ला मुंबईचे मुद्गल नावाचे संसद सदस्य, सराफ बाजारातल्या संघटनेकडून पैसे घेतले म्हणून नेहरूंनी स्वतःच्या पक्षाच्या माणसाविरुद्ध ठराव आणला, त्यांना जावं लागलं. राज्यसभेत १९९७ ला आचार समिती झाली तेव्हा पहिले अध्यक्ष आपले शंकरराव चव्हाण. राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांचं रजिस्टरही आहे, कुठे डायरेक्टर आहात, कुठून मानधन मिळतं वगैरे. आणि तरी डिसेंबर २००५ ला प्रश्न विचारायला पैसे घेणारे ११ खासदार पकडले ते छुप्या कॅमेऱ्याने, १२ तारखेला टीव्हीवर आलं, २३ ला हकालपट्टी. त्यातले दोघे आमच्या जळगाव जिल्ह्यातून निवडून गेलेले, एक जळगावचे एक एरंडोलचे. एरंडोलच्या स्टँडवर चहाच्या गाडीपाशी त्या दिवशी माणसं गप्प उभी होती, मी त्यांच्यात होतो. परत तसं उभं राहायची वेळ नको.

आपल्याकडे अॅफिडेव्हिटमध्ये स्वतः, नवरा-बायको, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबित एवढेच येतात. कमावता मुलगा, सून, भाऊ यांच्या स्वतःच्या नावावरचं नाही. पण खेड्यात कुणालाही विचारा जमीन कुणाच्या नावावर होते ते. आणि कारखाना, सूतगिरणी, शिक्षणसंस्था, पतसंस्था, यातलं कुठलं पद आमदाराच्या घरात आहे ते सभागृहात त्या विषयावर बोलायच्या आधी रजिस्टरला लिहिलेलं पाहिजे, मग खुशाल बोला, अनुभवी माणसाने बोलायलाच पाहिजे.

प्रायव्हसीचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्येच सांगितलंय की उमेदवाराने बारीकसारीक प्रत्येक वस्तू दाखवायची गरज नाही, आणि ते मला पटतं, घरातलं घड्याळ आणि भांडीकुंडी कुणाला बघायचीत. जमीन, प्लॉट, शेअर, कर्ज, भागीदारी एवढंच सांगा. तपासायला फार मोठं खातं पण नको. सातबारा ऑनलाइन आहे, फेरफार ऑनलाइन आहे, रजिस्ट्रीचा इंडेक्स टू, म्हणजे खरेदीखताचा गोषवारा, निघतो, रेडिरेकनर म्हणजे जमिनीचे सरकारी दर सगळ्यांसाठी खुले आहेत, एका आमदाराचे सगळे गट नंबर मिळवून बघायला माझ्यासारख्या माणसाला दोन दिवस पुरतील. दरवर्षी चिठ्ठ्या टाकून तीस नावं काढा, लोकायुक्तांकडून तपासून घ्या आणि रिपोर्ट विधिमंडळाच्या साइटवर मराठीत टाका.

संपादकसाहेब, कायदा व्हायचा तेव्हा होईल, पण कुणी स्वतःहून सांगितलं तर त्याला कायदा आडवा येत नाही. तुमच्या पेपरने आमच्या जिल्ह्यातल्या ११ आमदारांना एवढंच विचारावं की येत्या ३१ मार्चची तुमची आणि घरातल्यांची मालमत्ता जाहीर करता का, आणि अकराही उत्तरं नावासकट छापावीत, ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या नावापुढे तसं लिहावं. गट नंबर वाचायला माणूस लागला तर मी येतो.

आपला,
एक निवृत्त मंडळ अधिकारी
एरंडोल, जि. जळगाव