नुसते उलटे फिरवून हसू येत नाही

महोदय,

हल्ली कोणतीही क्लिप मोबाइलवर एका बटणात उलटी, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे, फिरते, आणि उलट्या चालीचे बहुतेक विनोद तिथेच फसतात. कोणतीही हालचाल उलटी केली की हसू येईल, हा समज चुकीचा आहे. हवेत उडवलेला चेंडू उलटा दाखवा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. सिनेमाच्या आरंभीच्या काळातल्या फ्रेंच लुमिए बंधूंची भिंत पाडण्याची १८९६ची फिल्म उलटी फिरवली की नजर खिळते ती धुरळ्यावर. तो मागे जाणे शक्यच नसते, तरी जातो.

सूर मारणाऱ्याचेच पाहा. हवेतली कमान दोन्हीकडून जवळपास सारखी. सगळी मजा पाण्यात. तरंग आत गोळा होतात, शिंतोडे एका जागी कोसळतात आणि त्यातून पाय वर केलेला माणूस कोरडाठाक निघून फळीवर टेकतो. तो टेकला की सेकंदभरात कट हवा. पुढे तो उलट्या पावलांनी चालू लागला की विनोद संपला. म्हणून चित्रण करताना सूर मारण्याआधी त्याला दोन-तीन सेकंद स्तब्ध उभे करावे आणि नंतर पाणी शांत होईपर्यंत कॅमेरा चालू ठेवावा. कॅमेरा स्टँडवरच असावा. चेहरा मख्ख हवा. वेडीवाकडी तोंडे केली तर उलट्या चालीची गरजच काय?

पार्श्वभूमीत माणसांची ये-जा किंवा धूर असेल तर क्लिप उलटी असल्याचे गुपित आधीच फुटते. याच्या उलटही करता येते: गर्दीत नट एकटाच उलट्या पावलांनी चालतो आणि उलटे केल्यावर तो सरळ, जग उलटे. पावले बऱ्यापैकी जमतात; घात करतात मोकळे केस आणि सैल कपडे, कारण ते चालण्याच्या दिशेने पुढे उडताना दिसतात. केस बांधावेत, कपडे अंगासरशी असावेत.

मूळ आवाज मात्र उलटा वापरू नये. 'धप्प' उलटे केले की नुसता फुगत जाणारा सुस्कारा उरतो. छपाक्याचा सुलटा आवाज वेगळा लावावा.

फिल्मवर काम करणारे कॅमेरा वरची बाजू खाली करून धरतात, तसेच चित्रण करतात आणि तो तुकडा शेवटाकडून जोडतात. मात्र १६ मिमी रुंदीच्या फिल्ममध्ये दोन्ही कडांना भोके असलेलीच फिल्म लागते, नाहीतर भोके भलत्या बाजूला येतात. डिजिटलमध्ये उलटी क्लिप एडिटिंगच्या वेळी अडखळते, कारण आकार कमी करण्यासाठी दाबलेल्या (कॉम्प्रेस केलेल्या) व्हिडिओत बऱ्याच फ्रेम आधीच्या फ्रेमवर अवलंबून असतात. ती आधी उलटी रेंडर करून, म्हणजे नवी फाइल बनवून, घ्यावी, मगच कापावी.

– एक संकलक